दद्रु, बुरशी आणि जीवाणूंच्या विकरांची नवी घडण

मृगाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला, की नांदेड-लातूरकडील कोणत्याही वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागात एक रुग्ण हमखास येतो. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्त्रियांमध्ये परकराच्या नाडीखाली लालसर कडांची मंडले पसरलेली असतात. खाजेने रात्रीची झोप गेलेली असते. घरातील आणखी दोघा-तिघांनाही तोच त्रास असतो. विचारपूस सुरू होताच तो पिशवीतून अर्ध्यामुर्ध्या पिळलेल्या चार-पाच ट्यूब काढून टेबलावर मांडतो. "लावले की दोन दिवसांत जाते, सोडले की दुप्पट होते," हे त्याचे गाऱ्हाणे आता आपणा सर्वांना पाठ झाले आहे.

चरकाचार्यांनी कंडू, राग, पिडका आणि उंचावलेले मंडल ही दद्रूची लक्षणे सांगून त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत केली. सुश्रुताचार्यांनी मात्र त्यास महाकुष्ठांत स्थान दिले. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात हा मतभेद आम्ही परीक्षेतील एक प्रश्न म्हणून पाठ केला होता. गेल्या दहा-बारा वर्षांत जे रुग्ण पाहिले, त्यानंतर सुश्रुताचार्यांचे वर्गीकरण मला अधिक पटू लागले आहे.

एका पावसाळ्यात लातूरच्या औषधविक्रेत्या स्नेह्याने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, टर्बिनाफिन चालेना, फ्लुकोनॅझोल चालेना. सगळा भार इट्राकोनॅझोलवर आला आहे. कंपन्यांकडे नवे काही येणार आहे की नाही?" प्रश्न साधा होता, मला मात्र त्याचे उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचन झाले, त्यात पिंपरीची माती, नॉर्वेतील एक प्रयोगशाळा आणि आपल्या बांधावरचा तरोटा ही तिन्ही एका सूत्रात गुंफलेली आढळली. ते सूत्र व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बुरशीवर औषधे इतकी थोडी का?

जीवाणूच्या पेशीभोवती जशी भिंत असते, तशी मनुष्याच्या पेशीभोवती नसते. पेनिसिलिन त्या भिंतीच्या बांधणीवर घाव घालते आणि म्हणूनच ते रुग्णास सहसा अपाय न करता जीवाणूस मारते. बुरशीची गोष्ट निराळी आहे. तिची पेशी आपल्या पेशीची दूरची भाऊबंद आहे. केंद्रक तिलाही आहे, प्रथिने घडविण्याची यंत्रणाही पुष्कळशी आपल्यासारखीच. जे विष तिला मारील, ते आपणासही मारण्याचा संभव मोठा.

फरकाच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांपैकी दोनच जागांवर आजवर प्रामुख्याने औषधे उभी राहिली. पहिली जागा म्हणजे पेशीपटलातील स्निग्ध द्रव्य. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन आणि ॲझोल वर्गातील औषधे अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरील दोन निरनिराळ्या टप्प्यांवर आडवी येतात. नायस्टॅटिन आणि ॲम्फोटेरिसिन बी ही पॉलीन वर्गातील औषधे तयार झालेल्या अर्गोस्टेरॉललाच पकडतात. दुसरी जागा बुरशीच्या भिंतीतील ग्लुकान. तिच्यावर एकायनोकॅन्डिन वर्ग काम करतो. (या वर्गातील एका औषधाचे नाव मुलुंडोकॅन्डिन आहे. मुंबईतील मुलुंड येथील हेक्स्टच्या संशोधन केंद्रात ते एका बुरशीतूनच सापडले आणि १९८७ साली प्रसिद्ध झाले. बाजारात ते आले नाही, पण नावाने मुलुंड अमर झाले.)

टर्बिनाफिन का चालेनासे झाले, हेही यावरून उमगते. ते स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाच्या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, जाऊन बसते. त्या विकराच्या साखळीतील ३९७व्या जागी फेनिलॲलॅनिनऐवजी ल्युसिन आले, की औषधास बसण्याची जागाच उरत नाही. बुरशीचे स्वतःचे काम मात्र अडत नाही. दिल्लीतील रुग्णांवरील २०१८च्या एका अभ्यासात गजकर्णाच्या बुरशीचे सुमारे एक तृतीयांश नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. २०२० साली जपानी संशोधकांनी या बुरशीस ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. टिनिया म्हणजे गजकर्ण. त्याला जोडलेला 'इंडो' आपल्या देशाचा. हा मान आपण कसा मिळविला, त्याकडे पुढे वळूच.

पॉलीन वर्गाचे वैशिष्ट्य येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. साठ वर्षांहून अधिक काळ वापरूनही ॲम्फोटेरिसिनला प्रतिकार करणाऱ्या बुरशी तुलनेने विरळ राहिल्या. कारण त्याचे लक्ष्य प्रथिन नसून स्निग्ध द्रव्य आहे. प्रथिन एका जनुकातील एका बदलाने पालटते. अर्गोस्टेरॉल पालटायचे तर संपूर्ण पेशीपटलाची घडी विस्कटते आणि ती किंमत बुरशीला परवडत नाही. दोष एकच, पण मोठा. ते मूत्रपिंडास अपाय करते.

२०२१ सालचा मे महिना कोण विसरेल? कोरोनातून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या नाकात, डोळ्यांत आणि जबड्यात म्युकरमायकोसिस उतरला. केंद्र शासनाच्या सूचनेनुसार हा रोग अधिसूचित झाला, इंजेक्शनांचे वाटप शासनाच्या हाती गेले आणि ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात धावले. नांदेडच्या आणि लातूरच्या औषधविक्रेत्यांनी त्या दिवसांत किती फोन घेतले, ते त्यांनाच ठाऊक. साधे ॲम्फोटेरिसिन दिले तर थंडी वाजून ताप येई आणि क्रिएटिनिन वाढे. स्निग्ध गोलकांत बांधलेले, म्हणजे लायपोसोमल, दिले तर मूत्रपिंड बरेचसे वाचे, परंतु खर्च लाखांत जाई. भारतीय बनावटीचे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडविण्यात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा वाटा मोठा होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांनी औषधाचे वाहन बदलले; रेणू तोच राहिला. रेणूच बदलता आला तर?

पिंपरीची माती

पहिल्या पावसाचा जो मृद्गंध आपण सर्वजण ओळखतो, त्यातील मोठा भाग स्ट्रेप्टोमायसिस या मातीतील तंतुरूप जीवाणूंचा आहे. ते जिओस्मिन नावाचे द्रव्य सोडतात. हेच जीवाणू प्रतिजैविकांचे भांडार आहेत. स्ट्रेप्टोमायसिन त्यांचे, टेट्रासायक्लिन त्यांचे आणि बुरशीनाशक पॉलीनही त्यांचेच.

पहिले पॉलीन औषध नायस्टॅटिन १९५० साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन स्त्री-संशोधकांनी जाहीर केले. व्हर्जिनियातील एका शेतातली ती माती होती. हेझन न्यूयॉर्क शहरात आणि ब्राऊन ऑल्बनीत, त्यामुळे नमुने टपालाने ये-जा करीत. राज्याच्या नावावरून औषधाचे नाव ठेवले गेले आणि मिळालेले कोट्यवधींचे स्वामित्वधन दोघींनी संशोधनास देऊन टाकले. ॲम्फोटेरिसिनचा जीवाणू व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आला.

आणि तिसरी माती आपल्या पिंपरीची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. पेनिसिलिन स्वस्त करणे हे तिचे मुख्य काम. परंतु तेथील संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिसची एक जात वेगळी केली, तिला पिंप्रिना हे नाव दिले आणि तिच्यापासून मिळालेले हॅमायसिन हे बुरशीनाशक १९६१ साली प्रसिद्ध केले. जुन्या वैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना ते आठवत असेल. योनिमार्गातील कॅन्डिडा आणि तोंडातील पांढरी बुरशी यांसाठी त्याचा स्थानिक उपयोग होई. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिससारख्या गंभीर रोगांत ते तोंडावाटे देऊनही पाहण्यात आले, परंतु शोषण बेभरवशाचे ठरले. जपानच्या हाचिजो बेटावरील मातीतून आधी सापडलेल्या ट्रायकोमायसिनशी त्याचे साम्य इतके आहे, की दोघांना जुळी भावंडे म्हणावे. १९६४ साली याच गटाने ऑरिओफंजिन काढले. ते वनस्पतींवरील बुरशीसाठी असून फळबागांत व भातशेतीत वापरले गेले.

येथे थोडे विषयांतर करतो. पॉलीन औषधाची शक्ती मोजण्याची औषधकोशातील रीत अशी, की तबकडीत सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट पसरायचे, त्यावर औषध ठेवायचे आणि भोवताली किती रुंद वर्तुळात यीस्ट उगवत नाही ते मोजायचे. याच वर्गातील यीस्ट आपल्या द्राक्षासवात संधान घडवितात. धायटीच्या फुलांसोबत येणाऱ्या ज्या सूक्ष्मजीवांस आपण शतकानुशतके कामाला लावले, त्यांच्याच भाऊबंदांवर या औषधांची कसोटी लागते, हे वाचून मला मौज वाटली.

अठरा कारागिरांची रांग

जीवाणू असा किचकट रेणू घडवितो कसा? आपल्या काही सभांत विकर म्हणजेच अग्नी असे समीकरण मांडून टाळ्या घेतल्या जातात. पचनाच्या विकरांबाबत ते समीकरण काही अंशी उपयोगी पडेल. येथे ते सोडून देऊ, कारण येथील विकर पचवीत नाहीत, बांधतात.

दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या हातोहात पुढे सरकविणारी माणसांची रांग नजरेसमोर आणावी. फरक इतकाच, की येथे प्रत्येक माणूस पाटी पुढे देण्यापूर्वी तिच्यात एक वीट घालतो आणि ती आपल्या पद्धतीने तासतो. या रांगेस पॉलिकेटाइड सिन्थेज म्हणतात. ॲम्फोटेरिसिनसाठी ती सहा प्रचंड प्रथिनांची बनलेली आहे. आरंभीचा एक टप्पा आणि त्यापुढे अठरा कारागीर. विटा दोनच प्रकारच्या, ॲसिटेट आणि प्रोपिओनेट; सोळा पहिल्या आणि तीन दुसऱ्या. प्रत्येक कारागिराजवळ किमान तीन हत्यारे असतात. एक योग्य वीट निवडते, एक ती जोडते, तिसरे लांब हातासारखे असून वाढती साखळी धरून ठेवते. काही कारागिरांजवळ आणखी एक, दोन किंवा तीन हत्यारे असतात. पहिले जोडलेल्या विटेवर हायड्रॉक्सिल गट उमटविते, दुसरे पाण्याचा रेणू काढून तेथे दुहेरी बंध घडविते आणि तिसरे तो दुहेरी बंध पुन्हा मोडून साखळी गुळगुळीत करते. रांगेच्या टोकास साखळी वळवून तिचे कडे केले जाते. त्यानंतर दोन-तीन सुटे विकर येतात. एक कड्यावर आम्लधर्मी कार्बोक्सिल गट चढवितो, एक मायकोसामिन नावाची शर्करा जोडतो.

यातील महत्त्वाची बाब अशी, की कोणत्या जागी हायड्रॉक्सिल येणार आणि कोणत्या जागी दुहेरी बंध, हे त्या त्या कारागिराच्या हत्यारांवरून आधीच ठरलेले असते. कड्याच्या एका बाजूस दुहेरी बंधांची ताठ पट्टी आणि दुसऱ्या बाजूस हायड्रॉक्सिलची जलप्रिय पट्टी, हे पॉलीनचे रूप रांगेच्या क्रमातूनच उतरते. एरिथ्रोमायसिनच्या बाबतीत ही क्रमबद्धता १९९०-९१च्या सुमारास केंब्रिजमधील आणि ॲबट कंपनीतील संशोधकांनी दाखवून दिली. त्याही आधी, १९८५ साली, इंग्लंडमधील डेव्हिड हॉपवूड यांनी जपानी सहकाऱ्यांसह एका स्ट्रेप्टोमायसिसची जनुके दुसऱ्यात घालून निसर्गात नसलेले संकरित प्रतिजैविक मिळविले होते. म्हणजे रांगेतील एखाद्या कारागिराचे हत्यार काढून घेतले, तर बाहेर पडणारा रेणू नेमका त्या जागी बदलावा.

त्रोन्हाइममधील दुरुस्ती

नॉर्वेतील त्रोन्हाइम येथील संशोधकांनी, सर्गेई झोत्चेव्ह व त्रिग्वे ब्रौतासेट हे त्यांतील प्रमुख, २००० साली नायस्टॅटिनची संपूर्ण जनुकपेटी वाचून प्रसिद्ध केली. सव्वा लाखाच्या आसपास अक्षरांची ती पेटी आहे. पुढच्याच वर्षी आयर्लंडमधील पॅट्रिक कॅफ्री यांच्या गटाने ॲम्फोटेरिसिनची पेटी वाचली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक भेद स्पष्ट झाला. ॲम्फोटेरिसिनमध्ये सात दुहेरी बंध सलग आहेत. नायस्टॅटिनमध्ये चार सलग, मग एक खंड, मग दोन. हा खंड पाचव्या कारागिराच्या तिसऱ्या हत्यारामुळे पडतो; तो दुहेरी बंध गुळगुळीत करून टाकतो. नायस्टॅटिन शक्तीने उणे पडण्याचे एक कारण हेच.

त्यांनी जीवाणूच्या जनुकात ते एकच हत्यार बोथट केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात जीवाणूने सात सलग दुहेरी बंधांचे नायस्टॅटिन तयार करून दाखविले. निसर्गात न आढळणारा हा रेणू बुरशीवर अधिक प्रभावी ठरला. परंतु शक्ती वाढली की विषही वाढते. मग त्यांनी दुसऱ्या विकराकडे मोर्चा वळविला, कड्यावर कार्बोक्सिल चढविणाऱ्या. तो निष्क्रिय केल्यावर त्या जागी साधा मिथिल गट राहिला आणि रक्तपेशी फोडण्याचा दोष उणावला. चीनमधील शांघाय येथे कॅन्डिसिडिनच्या बाबतीतही हाच बदल करून असाच लाभ दिसला. कॅन्डिसिडिन हे आपल्या हॅमायसिनच्याच कुळातील आहे, म्हणून त्या कामाकडे पिंपरीच्या दृष्टीने पाहता येईल.

२००८ आणि २०११च्या निबंधांत असे अनेक बदललेले रेणू नोंदले गेले. त्यांतील बीएसजी-००५ हा पुढे निवडला गेला आणि चालू दशकात मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला. वाचावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात हत्यार काढलेली रांग बहुधा मंदावते आणि उत्पादन घटते. क्वचित रांग पूर्ण थांबते. पाकसिद्धीत एक घटक बदलला की संपूर्ण अवलेह बिघडतो, हा अनुभव असलेल्या माणसास त्यांची अडचण लगेच कळेल.

याच काळात दुसऱ्या बाजूनेही वाटा निघाल्या. अमेरिकेत इलिनॉय येथील मार्टिन बर्क यांच्या गटाने २०१४ साली दाखविले, की ॲम्फोटेरिसिन पेशीपटलात केवळ छिद्रे पाडीत नाही. ते स्पंजाप्रमाणे अर्गोस्टेरॉल शोषून घेते. मूत्रपिंडातील कोलेस्टेरॉलही ते तसेच शोषते. शर्करेवरील एक हायड्रॉक्सिल काढला, तर कोलेस्टेरॉलची पकड सुटते आणि अर्गोस्टेरॉलची टिकते. या तत्त्वावर घडविलेल्या नव्या रेणूचा निबंध २०२३ साली 'नेचर'मध्ये आला. अर्थात ते काम रसायनशास्त्रज्ञाच्या हातचे, विकरांचे नव्हे. २०२५ साली चीनमधील नानजिंगच्या संशोधकांनी तीन लाखांहून अधिक जीवाणूंचे जनुकसंच संगणकावर चाळून मॅन्डिमायसिन हे नवे पॉलीन काढले. ते अर्गोस्टेरॉलऐवजी पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांना पकडते. उंदरांवरील प्रयोगात मूत्रपिंडास होणारा अपाय ॲम्फोटेरिसिनपेक्षा कमी आढळला.

बांधावरचा तरोटा

आता घरच्या वनस्पतीकडे येऊ. चक्रमर्दास दद्रुघ्न हे दुसरे नाव आहे. मराठवाड्यात आपण त्यास तरोटा म्हणतो. पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी होते, बीज ताकात वाटून लेप लावतात. त्याच्या बीजातील क्रायसोफॅनॉल व त्याची भावंडे अँथ्राक्विनोन वर्गातील आहेत. २०२० साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी तरोट्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि अँथ्राक्विनोनच्या घडणीतील आरंभीचा विकर शोधून काढला. तो विकरही पॉलिकेटाइड सिन्थेजच निघाला! वीटही तीच, मॅलोनिल-कोएन्झाइम ए, जी पॉलीनच्या रांगेत ॲसिटेट पुरविते. फरक एवढाच, की वनस्पतीत अठरा कारागिरांची रांग नाही. एकटाच कारागीर त्याच त्या विटा पुन:पुन्हा जोडीत बसतो.

यावरून तरोटा हेच नवे प्रतिजैविक, अशी आरोळी कोणी ठोकू नये. तबकडीत बुरशी न उगवणे आणि जांघेतील दोन वर्षांचे गजकर्ण जाणे यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर नियंत्रित चाचणीनेच ओलांडता येईल. आपल्या संघटनेतील दहा-बारा वैद्यांनी के.ओ.एच. तपासणी करून निदान पक्के केलेल्या रुग्णांची एकसारख्या नमुन्यात नोंद ठेवली, तरी पहिली पायरी चढता येईल. त्यास मोठी यंत्रणा लागत नाही. सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुरे. माझ्या स्वतःच्या नोंदी पहिली काही वर्षे लक्षणांवरच विसंबून होत्या आणि म्हणून आज त्या निरुपयोगी आहेत, हे कबूल करतो.

काउंटरवरील प्रश्न

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. वर वर्णिलेले नवे पॉलीन आले तरी ते शिरेतून द्यावयाचे, रुग्णालयातील औषध असेल. म्युकरमायकोसिस, ॲस्परजिलस, रक्तातील कॅन्डिडा यांसाठी. गजकर्णाच्या रुग्णास त्याचा उपयोग होणार नाही. नायस्टॅटिन आजही कॅन्डिडावर चालते आणि गजकर्णावर चालत नाही. "बुरशीचेच आहे" म्हणून नायस्टॅटिनची ट्यूब गजकर्णासाठी दिली जाते, ती चूक आहे.

म्हणजे आपल्या रुग्णांसाठी हाती जे आहे ते टिकविणे भाग आहे आणि ते वेगाने निसटत आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी आपल्या देशात फोफावला, त्यास अपुरे डोस आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे यांचा हातभार लागला, असे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी खोलवर पसरते आणि सोबतच्या बुरशीनाशकाच्या अर्धवट मात्रेत ती मुरते. २०१८ साली केंद्र शासनाने चौदा स्टेरॉइड मलमे विनाचिठ्ठी विक्रीच्या सवलतीतून काढून शेड्यूल एचमध्ये घातली. कागदोपत्री प्रश्न सुटला. माझ्याकडे आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही मांड्यांवर कायमचे पांढरट ताणाचे व्रण पडले आहेत. त्याने सात महिने असे मलम लावले होते आणि ते त्याला एकदाही चिठ्ठी न मागता मिळाले होते. त्याच्या वडिलांनी तेच मलम धाकट्या बहिणीलाही लावले होते.

इट्राकोनॅझोलबाबत व्यवहारातील दोन गोष्टी. त्याची कॅप्सूल भरपेट जेवणासोबत घ्यावी, कारण जठरातील आम्लाविना ती नीट शोषली जात नाही. म्हणून पॅन्टोप्रॅझोल किंवा अँटासिड सोबत चालू असेल तर विचारून घ्यावे. याच न्यायाने शंखभस्म, कपर्दिकभस्म, कामदुधा असे आम्लपित्तावरील कल्प त्याच वेळी देऊ नयेत. आपल्यापैकी अनेक जण दद्रूच्या रुग्णास अनुषंगाने ते देतात आणि मग कॅप्सूलला दोष देतात. कॅप्सूलमधील दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक वेगळा असतो, हेही स्वस्त माल मागविताना ध्यानात ठेवावे.

स्नेह्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना दिले. नायस्टॅटिनची जनुके २००० साली वाचली गेली, बदललेला पहिला रेणू २००४ साली प्रसिद्ध झाला, माणसांवरील पहिल्या चाचण्या चालू दशकात सुरू झाल्या आणि ते सारे रुग्णालयासाठी. तुमच्या कपाटात त्यातले काहीही येणार नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. "म्हणजे इट्राकोनॅझोल गेले की मग काही नाही," एवढेच म्हणाला. तेव्हापासून तो चार औषधांच्या मलमासाठी चिठ्ठी मागतो. समोरच्या दुकानात ते तसेच मिळते आणि त्यामुळे आपले गिऱ्हाईक तिकडे जाते, अशी त्याची तक्रार आहे.